ताट पुढे सरकवणारा

पहाटे साडेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. उठायचा, बाहेरच्या नळावर तोंड धुवायचा आणि इस्पितळाच्या मागच्या फाटकातून धोबीखान्यात यायचा. मी बॉयलरवर होतो. वाफ तयार ठेवायची म्हणून मला त्याच्या आधी पोचायला हवं. तरी बऱ्याचदा तोच दारात उभा सापडायचा. "किल्ली काढ, नाहीतर इथेच म्हातारपण येईल," म्हणायचा. आम्ही दोघं तेव्हा तिशीतले.

सगळे त्याला डागमास्तर म्हणायचे. धोबीखान्यात मशीन चालवणारे बरेच होते, डागांच्या टेबलावर तो एकटा. जस्ताचा पत्रा ठोकलेलं लांबट टेबल, वर खिडकी. खिडकी मुद्दाम. उजेडाशिवाय डाग वाचता येत नाही. वॉर्डातून गाठोडी यायची, तो सोडायचा, एकेक चादर उजेडात धरायचा आणि ठरवायचा: हे औषधाचं, हे गंजाचं, हे रक्ताचं. प्रत्येकाचा उतारा वेगळा. उरकून टाकणं त्याला माहीत नव्हतं. डाग हलत नसला तर कापड बाजूला ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. कामचुकार माणूस त्याला खपायचा नाही. मलाही नाही. म्हणून आमचं जमलं.

त्याचं एका गोष्टीवरून मात्र रोज डोकं फिरायचं. रक्ताचा डाग थंड पाण्यात सुटतो, गरम पाण्यात पक्का होतो. आता वॉर्डातली माणसं काय करायची? घाण झालेली चादर तशीच द्यायला लाजायची. आया असोत, नातेवाईक असोत, न्हाणीघरात नेऊन गरम पाण्याखाली धरायचे, साबण चोळायचे, पिळायचे आणि गाठोड्याच्या मध्यभागी लपवून पाठवायचे. ओली असेपर्यंत बरी दिसायची. आमच्याकडे वाळली की तपकिरी नकाशा उमटायचा. तो डाग मग कुणाच्या बापाला निघत नाही.

मास्तर स्वतः वॉर्डावॉर्डात जाऊन सांगायचा. "बाई, घाण आहे तशी द्या. धुणं माझं काम. तुम्ही हात लावलात की माझ्याही हाताबाहेर जातं."

आया माना डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच करायच्या. लाज मोठी चिवट असते.

आम्ही दोघं ख्रिस्ती, रविवारी एकाच देवळात जायचो. मास्तर उपासनेच्या बराच आधी जायचा. बाकं पुसायचा, फरशी पुसायचा, खिडक्या उघडायचा. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड घरी नेऊन धुवायचा, कडक इस्त्री करून आणायचा. त्या कापडावर सुरकुती मी कधी पाहिली नाही. पण त्या मेजावरचा घास त्याने कधी खाल्ला नाही. कापड त्याचं, जेवण इतरांचं.

येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरायचं, मागून द्राक्षरसाचे छोटे पेले. मास्तर शेवटच्या बाकावर. ताट आलं की दोन्ही हातांनी धरायचा, मान खाली घालायचा आणि न घेता शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी म्हणजे मी. मी घ्यायचो.

देवळाचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, नवीन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, असं का?"

"अजून लायक झालो नाही, साहेब. काम चालू आहे."

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. मग तेही गप्प बसले. वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, तेवढी गप्प बसली नाही. "यांचं रस्त्यासारखं आहे," ती म्हणायची. "'काम चालू आहे' असा फलक लावून ठेवलाय. वर्षं गेली. फलक गंजला, रस्ता काही होत नाही."

कारण मला ठाऊक होतं. तरुणपणी मास्तर प्यायचा. त्याची आई आजारी पडली. पगाराचा दिवस होता. आईचं औषध आणायला म्हणून निघाला आणि गुत्त्यावर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला तेव्हा शेजाऱ्यांनी तिला न्हाऊ घालून, चादर पांघरवून ठेवलं होतं. बाटली त्याच दिवशी सुटली. मग कष्ट सुरू झाले. धोबीखान्यात कष्ट, देवळात कष्ट, कुणाच्या घरी प्रेत असलं की पहिला खांदा मास्तरचा. माणसं म्हणायची, केवढा नम्र आहे. मीही म्हणायचो. आधी काम, मग ताट. यात मला काही चूक दिसत नव्हती.

त्याला एकच लेक. बारकी म्हणायचे तिला, उंचीने बापाच्या वर गेली तरी बारकीच. शिंप्याकडे शिकायला जायची. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आमच्या देवळात मंडळीसमोर उभं करतात आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन देतात. त्याआधी वर्षभर शिकवणी. बारकीची शिकवणी पुरी झाली तेव्हा आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलो होतो. रविवार ठरला होता. वहिनीने नव्या कपड्याचं कापड आणलं, बारकीने स्वतः शिवलं.

त्याच्या आदल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. बारकी दारातूनच म्हणाली, "मी नाव मागे घेतेय."

वहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय घेतेयस?"

"नाव. मी नाही उभी राहणार."

"का गं? पाळकसाहेब म्हणाले, सगळ्यांत चांगली उत्तरं हिचीच."

"उत्तरं येतात, आई. पण मी बाबांकडे बघते ना रोज." ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही पहाटे उठता. दारूला शिवत नाही. कुणाबद्दल वावगा शब्द नाही. देवळाची फरशी पुसता. एवढं करून तुम्ही लायक नाही. मग मी कोण लागून गेले? मी काल आईला उलट बोलले."

"काल कुठलं, रोज बोलते," वहिनी म्हणाली. पण बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

"माझी गोष्ट वेगळी आहे," मास्तर म्हणाला.

"कशी वेगळी?"

त्याने चहाचा पेला जवळ ओढला.

"मग ठरलं. तुम्ही घ्याल त्या दिवशी मी घेईन. तुम्ही ताट सरकवलंत तर मीही सरकवणार. बापाचीच लेक आहे."

"अगं, पण निदान उभी तरी राहा," वहिनी म्हणाली. "कापड फुकट गेलं की गं."

"उभी राहते. पण घेणार नाही."

मास्तर चहाचा पेला घेऊन बाहेर ओट्यावर गेला. चहा तसाच गार झाला. आतापर्यंत त्याचं ताट फक्त त्याचं होतं. उपाशी राहायचं तर तो एकटा उपाशी. आता त्याच्या मागे पोरगीही उपाशी राहणार होती, आणि ती त्याच्याकडूनच शिकली होती.

आठवडा वाईट गेला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "घेऊन टाकतो. पोरीसाठी."

"घे की. एक तुकडा तर आहे."

त्याने डबा बंद केला. "बॉयलरमध्ये वाफ नसताना दाबाचा काटा बोटाने पुढे सरकवशील का तू?"

"नाही."

"मग मला काय शिकवतोस?"

गुरुवारी धोबीखान्याच्या खिडकीशी एक बाई आली. वयस्क होती, पिशवी पोटाशी धरलेली. नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो वॉर्डात होता. इस्पितळाच्या चादरी टोचतात म्हणून तिने घरची चादर त्याच्याखाली घातली होती. तिच्या आईने काठाला भरतकाम केलेली. त्या चादरीला रक्त लागलं होतं. बाहेरचं कापड घ्यायचं नाही असा आमचा नियम. मास्तरने चादर घेतली आणि उजेडात धरली.

"गरम पाणी?"

"उकळतं," बाई म्हणाली. "साबण लावला, सोडा लावला, परत उकळली."

"का? सरळ माझ्याकडे आणायची ना."

"अशी कशी आणू हो? तुम्ही काय म्हटलं असतं? वाटलं, जरा बरी करते आणि मग नेते."

"अहो बाई, बरी करूनच आणायची तर मी इथे कशाला..."

तो थांबला. मी बॉयलरच्या दारातून बघत होतो. वाटलं, चक्कर आली. चादर तशीच दोन्ही हातांत वर धरलेली, उजेड तिच्यातून येतोय, आणि हा नुसता उभा. बाई घाबरली. "रागावलात का?" म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाला. "तुमच्यावर नाही."

पाळी संपल्यावरही तो टेबलावरून हलला नाही. त्या चादरीवर जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं. अर्धा डाग गेला, अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी बाईला त्याने तसंच सांगितलं, गोड केलं नाही. पण त्याच गुरुवारी संध्याकाळी चादर दोरीवर टाकून तो माझ्याकडे आला.

"चल."

"कुठे?"

"पाळकसाहेबांकडे."

पाळकसाहेब अंगणात सायकल उलटी करून साखळी बसवत होते. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, मास्तर बसला नाही.

"साहेब, एक सरळ सांगा. ते ताट कशाची मजुरी आहे?"

"मजुरी नाही."

"मग बक्षीस? चांगलं वागल्याचं?"

"तेही नाही."

"मग मी वीस-पंचवीस वर्षं काय कमावत बसलोय?"

पाळकसाहेबांनी साखळी सोडली. चिंधीला हात पुसत म्हणाले, "मास्तर, तुम्हीच विचार करा. येशू मेला तो कुणासाठी? आपण आपले आपण स्वच्छ होणार असतो, तर त्याला वधस्तंभावर जायचं काय कारण होतं? चार चांगल्या गोष्टी सांगून परत गेला असता. आपल्याला जमणारं नव्हतं म्हणून तो आला. आपलं पाप त्याने अंगावर घेतलं. ते काम त्याने तिथे पुरं केलं. अर्धं ठेवलं नाही, की बाकीचं मास्तर करतील. देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं. काम पसंत पडल्याशिवाय उठवतो का कुणी? आता तुमच्याकडे राहिलं काय? विश्वास ठेवायचा आणि हात पुढे करायचा. शुभवर्तमान म्हणतात ते एवढंच. बाकीचं सगळं त्याच्यानंतर."

"म्हणजे मी लायक व्हायला थांबलो ते..."

"ते थांबणं म्हणजे त्याला रोज सांगणं, की तुझं मरण पुरलं नाही, वर माझे कष्ट लागतील."

लागलं ते त्याला. पाळकसाहेबांच्याही लक्षात आलं. ते हळू म्हणाले, "चूक तुमची एकट्याची नाही. मी सुरुवातीला सांगितलं आणि सोडून दिलं. मलाही तुमचं ते नम्रपणाचं वाटायचं."

मास्तर पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "आणि आईचं? त्या दिवसाचं?"

"तेही."

"ते कसं?"

"ते नसेल तर कशासाठी मेला तो, सांगा. माझ्या सायकलची साखळी पडते म्हणून?"

मास्तर हसला की रडला, मला नक्की सांगता येणार नाही. त्याने तोंड दुसरीकडे केलं होतं.

मला मात्र राहवेना. आयुष्यभर घाम गाळलेला माणूस मी. "साहेब," मी म्हटलं, "सगळं आयतंच मिळणार असेल तर उद्यापासून पहाटे उठेल कोण? फुकट मिळालेल्याची किंमत नसते माणसाला."

"फुकट तुम्हाला," पाळकसाहेब म्हणाले. "ज्याने दिलं त्याला जीव मोजावा लागला. आणि उद्या कोण उठतं ते उद्या पाहा."

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या आधी दारात होता. शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं. आणि वाईट येते, हेही.

रविवारी मुलंमुली मंडळीकडे तोंड करून उभी राहिली. बारकी मधोमध, नवे कपडे, ओठ घट्ट मिटलेले. नेहमी ताट पुढच्या बाकापासून निघायचं. त्या दिवशी पाळकसाहेब चालत मागे आले आणि शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. कुणाला काही सांगितलं नव्हतं. आधी वहिनीने घेतलं. मग ताट मास्तरकडे आलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं, नेहमीसारखं. माझा हात सवयीने पुढे गेला. रिकामाच राहिला.

मास्तरने तुकडा उचलला. मान खाली घातली नाही. समोर लेकीकडे बघत तोंडात घातला आणि चावत राहिला. अंगठ्याएवढा तुकडा, पण एखाद्याने पोटभर जेवावं तसा वेळ लावला. वहिनीने मास्तरच्या पाठीमागून हात घालून मला ढोसलं. "उघडला बाई एकदाचा रस्ता," ती कुजबुजली, आणि मग नाक शिंकरायला तिला बाहेर जावं लागलं.

ताट पुढे बारकीपर्यंत पोचलं तेव्हा ती हसत होती. मंडळीसमोर उभं असताना असं दात दाखवून हसायचं नसतं. तिने घेतलं. पेलाही घेतला.

घरी जाताना तिने बापाला विचारलं, "बाबा, झालात ना लायक?"

"नाही," मास्तर म्हणाला. "लागतच नव्हतं ते. तुलाही लागत नाही. पण आईला उलट बोलणं बंद कर."

"का? लागत नाही ना?"

"तुला घरात ठेवून घेण्यासाठी लागत नाही. घरातली आहेस म्हणून बंद कर."

आता माझ्या शंकेचं. मी त्याच्यावर लक्ष ठेवलं, मुद्दाम. कष्ट एका सुताने कमी झाले नाहीत. बाकं पुसली जायची, मेजाच्या कापडाला सुरकुती नसायची. फरक दुसरीकडे पडला. आधी तो दुसऱ्या कुणाला डागांच्या टेबलाला हात लावू द्यायचा नाही. आता इस्त्रीच्या रोलरवरच्या बायकांना शेजारी बसवून शिकवू लागला. कुणाचं कापड बिघडलं तर म्हणायचा, "बिघडलं तर दाखव, लपवू नकोस." देवळात एखाद्या बाकाखाली धूळ राहिली तर राहू द्यायचा, आणि गाण्याला उभा राहायचा. आईची गोष्टही आता सांगायचा, न अडखळता. इस्पितळातल्या दारुड्या पेशंटांपाशी जाऊन बसायचा आणि सांगायचा. त्यातले काही सुटले, काही नाही. त्याने कुणाला सोडलं नाही.

मी हे लिहितो कारण माझं मत त्याच्यामुळे बदललं. मजुरीसाठी केलेलं काम आणि मिळून गेल्यावर केलेलं काम, दोन्ही मी जवळून पाहिली. दुसरं जास्त टिकतं. माणूस त्यात दमतो, पण झिजत नाही.

मग तो निवृत्त झाला. फंडाचे पैसे हातात आले आणि सल्ले सुरू झाले. मेहुणा म्हणाला, घरावर मजला चढव. एव्हाना बारकीचं लग्न झालं होतं; जावई म्हणाला, बँकेत टाका. वहिनीच्या म्हातारपणापुरतं मास्तरने तिच्या नावे ठेवलं. उरलेल्याचं काय करणार ते त्याने आम्हाला चहा पिताना सांगितलं.

"जेवण घालायचं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. धोबीखाना, वॉर्डातल्या आया, वॉचमन, मंडळी, गल्ली."

"अहो, हाडं झिजवून मिळवलेले पैसे!" वहिनी म्हणाली.

"म्हणूनच."

वहिनीने चहाचा पेला खाली ठेवला. "मग मटण कमी पडायला नको," ती म्हणाली. "लोक नावं ठेवतील."

एकच अट होती. कुणी काही आणायचं नाही. ही अट लोकांना फार जड गेली. एकजण पाकीट घेऊन आला, एकजण नारळाएवढा फ्लॉवर घेऊन, एक बाई पातेलंभर भाजी झाकून घेऊन. मास्तर दारातच उभा. पाकीट परत खिशात घालायला लावलं, भाजी जशी आली तशी घरी पाठवली. "रिकाम्या हाताने आत यायचं," म्हणायचा, "नाहीतर बाहेर उभं राहायचं." बोलायचा कडक, पण हसत. लोक अवघडून बसले. पहिला घास घेईपर्यंत अवघडले, मग विसरले.

शेवटी वॉर्डातल्या आया पाळी संपवून आल्या, कपड्यांना औषधाचा वास, पाय सुजलेले. त्यांना वाटलं होतं भांडी घासायला बोलावलंय. एक तर बाह्या वर करून मोरीकडे निघालीच होती. मास्तरने त्यांना पानावर बसवलं. स्वतः वाढायला घेतलं. मटण अजून पुष्कळ होतं, भात वाफाळत होता.

तिच्या पानात भात पडला तशी ती आया म्हणाली, "मास्तर, हे कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही," तो म्हणाला. "पान पुढे करा."